घरावरची एरियल : स्वतः उभारलेली आणि उभारून घेतलेली

कौलांवर किंवा गच्चीवर एक उंच काठी, तिच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, आणि तेथून खिडकीवाटे दिवाणखान्यांत उतरलेली एक तार, एवढेंच ज्या वस्तूचें वर्णन, तिला इतिहास तो काय असणार, असें कोणासहि वाटेल. परंतु ही काठी कोणीं उभी करावी, घरमालकानें कीं पैसे घेऊन काम करणाऱ्या कारागिरानें, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नापायीं परवान्यांचे नियम बदलले आहेत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्टें आलीं आहेत, आणि कित्येकांनीं प्राणहि गमावले आहेत. यंत्राचा शोध लावणाऱ्यांच्या कथा पुष्कळ छापून येतात. तें यंत्र घरोघर बसविणाऱ्या हातांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

प्रारंभ टेलिव्हिजनपासून नव्हे, रेडिओपासून करावा लागतो. लंडनहून १४ नोव्हेंबर १९२२ रोजीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचें नित्याचें ध्वनिक्षेपण सुरू झालें, त्या वेळीं बहुसंख्य घरांतले संच स्फटिकाचे होते. या संचाला वीज लागत नसे. कानाला लावलेल्या श्रवणयंत्रांत जो क्षीण आवाज उमटे, त्याची सारी शक्ति केवळ बाहेरच्या तारेनें हवेंतून गोळा केलेली असे. अर्थात् तार जितकी लांब व उंच, तितका आवाज स्पष्ट. ब्रिटिश टपालखात्यानें तिची मर्यादा शंभर फूट ठरवून दिली होती. परसाच्या टोकाला एक खांब, दुसऱ्या टोकाला घराचें धुराडें, मध्यें तांब्याची तार आणि दोन्ही बाजूंस चिनी मातीचे रोधक, एवढ्यावर काम भागे. तार हातभर कमी झाली काय, जास्त झाली काय, फारसें बिघडत नसे. शनिवारच्या दुपारीं बाप आणि मुलगा मिळून हें काम उरकीत. त्यासाठीं कोणी कारागीर बोलावला असता तर शेजाऱ्यांनीं हंसें केलें असतें.

अडचण होती ती कायद्याची. दहा शिलिंगांचा परवाना ज्याला हवा, त्यानें कंपनीच्या सभासद कारखान्यांनीं बनविलेला, शिक्का मारलेला संचच वापरला पाहिजे, असा दंडक होता. स्वतः संच जुळविणाऱ्याला ‘प्रयोगकर्ता’ म्हणून वेगळा परवाना मागावा लागे, आणि तो मिळविण्यास आपण खरोखर शास्त्रीय प्रयोग करतों हें पटवावें लागे. परिणाम अपेक्षेप्रमाणेंच झाला. लोकांनीं सुटे भाग विकत आणले, संच जुळविले, तारा ताणल्या, आणि परवान्याची गोष्टच काढली नाहीं. १९२३ सालीं या प्रकरणाचा विचार करण्यासाठीं सर फ्रेडरिक साइक्स यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली. हेच साइक्स पुढें १९२८ ते १९३३ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. कायदेभंगाच्या चळवळीच्या काळांतलें त्यांचें नांव महाराष्ट्राला निराळ्याच कारणासाठीं परिचित आहे. घरीं संच बनविणाऱ्याला चोर ठरविण्यांत अर्थ नाहीं, हें या समितीनें ओळखलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तडजोड म्हणून अशा लोकांसाठीं पंधरा शिलिंगांचा परवाना निघाला, आणि थोड्याच काळांत परवान्यांची एकूण संख्या दुपटीहून वर गेली. पुढें सर्वांना दहा शिलिंगांचा एकच परवाना झाला. आपल्या घरावर आपल्या हातानें तार ताणण्याचा सामान्य गृहस्थाचा अधिकार अशा रीतीनें मान्य झाला.

मुंबईंत २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, आणि तारांचा तोच खेळ इकडेहि आला. पुढें संच अधिक शक्तिमान् झाल्यावर गच्चीवरची तार घरांत शिरली. दिवाणखान्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी कित्येक घरांत स्वातंत्र्यानंतरहि बरींच वर्षें दिसे. ती लावण्यास दोन खिळे आणि एक स्टूल पुरे.

टेलिव्हिजननें मात्र हा हिशेब पार पालटला. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजीं टेलिव्हिजनचें नियमित प्रक्षेपण सुरू झालें. १९२२ सालच्या लंडन केंद्राची लहर साडेतीनशें मीटरांहून अधिक लांबीची होती. या नव्या चित्राची लहर सात मीटरांचीहि नव्हती. इतकी आंखूड लहर पकडण्यास लांबच लांब तार निरुपयोगी ठरते. लहरीच्या निम्म्या लांबीची, म्हणजे सुमारें दहा फुटांची, मोजून कापलेली दांडी लागते. लंडनच्या लहरी उभ्या पातळींत येत, म्हणून दांडीहि उभी लागे. तिच्यामागें ठराविक अंतरावर दुसरी दांडी बसविली कीं ती मागच्या बाजूचा उपद्रव अडवी आणि पुढचा संदेश पहिलीवर परतवी. दोन उभ्या दांड्या आणि त्यांना जोडणारा एक आडवा दांडा मिळून इंग्रजी ‘एच्’ अक्षराची जी आकृति झाली, ती पुढें इंग्लंडांतल्या छपरांची खूणच होऊन बसली. आतां हातभर कमी-जास्त चालत नव्हतें. मोजमाप आलें, दिशा आली, उंची आली. आणि त्यांच्याबरोबर कारागीरहि आला.

याहून नेमकें काम करणारी रचना त्याआधींच जपानांत जन्मली होती. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठांत शिंतारो उदा यांनीं १९२६ च्या सुमारास एका मुख्य दांडीच्या मागें एक परावर्तक आणि पुढें कांहीं आंखूड ‘दिग्दर्शक’ दांड्या ठेवून लहरी एकाच दिशेनें एकवटतां येतात असें दाखविलें. त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनीं १९२८ सालीं हा विषय इंग्रजींत मांडला, आणि जगानें त्या रचनेला ‘यागी’ हेंच नांव दिलें. उदांचें नांव बहुतेक लोक विसरले, ही अन्यायाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. असें सांगतात कीं १९४२ सालीं सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला एका ब्रिटिश सैनिकाचीं रडारविषयक टिपणें सांपडलीं. त्यांत पुनः पुनः येणारा ‘यागी’ हा शब्द काय असावा, तें जपानी अधिकाऱ्यांना उमगेना. शेवटीं त्या कैद्यानेंच त्यांना सांगितलें कीं हें तुमच्याच देशांतल्या प्राध्यापकाचें नांव आहे. माशाच्या कांट्यासारखी दिसणारी जी एरियल पुढें आपल्याकडील गच्च्यागच्च्यांवर आली, ती हीच.

महायुद्धामुळें १ सप्टेंबर १९३९ रोजीं बंद पडलेलें लंडनचें टेलिव्हिजन ७ जून १९४६ रोजीं पुन्हा सुरू झालें, आणि हौशी मंडळींना पुन्हा एकदां सुगीचे दिवस आले. लष्कराचीं जुनीं रडारयंत्रें बाजारांत मातीमोलानें विकलीं जात होतीं. त्यांतली सहा इंची नळी काढून लोकांनीं घरीं टेलिव्हिजन बनविले. त्यांवर चित्र हिरवें दिसे, पण दिसे. अशा माणसाला एरियल बनविणें म्हणजे फावल्या वेळचा खेळच. परंतु ज्यांनीं दुकानांतून तयार संच आणला, त्यांची संख्या झपाट्यानें वाढूं लागली आणि त्यांना नळी कशी कापावी हें ठाऊक नव्हतें. २ जून १९५३ रोजीं राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाचा सोहळा दोन कोटींहून अधिक लोकांनीं टेलिव्हिजनवर पाहिला. त्याआधींच्या महिन्यांत धुराड्यांना पट्टे बांधणाऱ्या कारागिरांना उसंत मिळाली नसेल, हें सहज समजण्यासारखें आहे. पुढें सप्टेंबर १९५५ मध्यें दुसरी, जाहिरातींवर चालणारी सेवा निघाली, ती निराळ्या लहरींवर. जुनी एरियल तिला चालेना. ज्यानें पहिली स्वतः बसविली होती, त्यानें दुसऱ्या खेपेस बहुधा माणूसच बोलाविला. दोनदां धुराड्यावर चढण्याची हौस थोड्यांनाच असते.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कारागिराचे हात गृहस्थाच्या हातांहून अधिक कुशल असत असें नाहीं. त्याचें श्रेष्ठत्व दोन गोष्टींत होतें. एक तर त्याच्याजवळ लहरींची तीव्रता मोजणारें मापक असे. गृहस्थाजवळ केवळ डोळे आणि पडदा. दुसरें म्हणजे वर चढण्यापूर्वीं तो आजूबाजूच्या तारा पाही.

हें दुसरें कारण अमेरिकेंत फार महाग पडलें. तेथें वस्त्यांतून विजेच्या तारा खांबांवरून उघड्या जातात. तीस फुटांचा धातूचा खांब जमिनीवर जुळवावा, दोघांतिघांनीं मिळून तो उभा करावा, वरच्या सांगाड्याचें वजन एका बाजूस कलावें, आणि खांब तारेवर पडावा. खांब सावरण्यासाठीं माणूस त्याला अधिकच घट्ट धरतो, आणि तेंच त्याचें मरण ठरतें. असे अपघात इतके झाले कीं १९७८ सालीं अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगानें प्रत्येक टेलिव्हिजन एरियलबरोबर व तिच्या खांबाबरोबर धोक्याची सूचना आणि सुरक्षित उभारणीची कृति देणें कारखानदारांवर बंधनकारक केलें. तो नियम वाचतांना एक गोष्ट लक्षांत येते : आयोगानें गृहस्थाला मनाई केली नाहीं. तो चढणारच, हें गृहीत धरून त्याला सावध केलें. हा शहाणपणाचा मार्ग होता. धंदेवाईक मंडळीहि तारांना चिकटून मेलीं आहेत. पैसे घेतल्यानें वीज कोणाला ओळख दाखवीत नाहीं.

तशीच गोष्ट भूमिजोडणीची. उंच खांबाला जाड तारेनें जमिनीशीं जोडावें, म्हणजे वीज कडाडली तर तिला घराबाहेरूनच वाट मिळते. परंतु या तारेनें चित्र तिळमात्रहि सुधारत नाहीं, म्हणून घरीं एरियल लावणारा बहुधा ती वगळतो. आणि घाईंतला कारागीरहि वगळतो, ही खेदाची गोष्ट आहे. ज्याचा उपयोग दहा वर्षांतून एकदां, त्यावर खर्च करावयाचा म्हटलें कीं मालक आणि मजूर या दोघांचेंहि एकमत होतें.

पेनसिल्व्हानियांतल्या डोंगराळ भागांत निराळाच पेंच पडला होता. फिलाडेल्फियाच्या लहरी डोंगराआड अडत. कांहीं लोकांनीं एरियली माथ्यावर नेऊन तेथून लांबलांब तारा खालीं आणल्या. पण तार जितकी लांब, तितका संदेश क्षीण. लॅन्सफर्ड गांवीं रॉबर्ट टार्ल्टन या रेडिओविक्रेत्यानें १९५० सालीं सहकारी जमवून डोंगरावर एकच उत्तम एरियल उभारली, वाटेंत संदेश वाढविणारीं यंत्रें बसविलीं आणि मासिक वर्गणीवर घरोघर तार पोंचविली. स्वतः चढावें कीं माणूस बोलवावा, या वादांतून निघालेली ही तिसरी वाट होती. कोणींच चढूं नये, सर्वांसाठीं एकदांच कोणी चढावें. आजच्या केबलचें कूळ येथें सांपडतें.

भारतांत दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजीं टेलिव्हिजनचा प्रयोग सुरू झाला, आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजीं केंद्र निघालें. मुंबईच्या लहरी सुमारें पांच मीटरांच्या, म्हणून येथील एरियलच्या दांड्या हातभर नव्हे, पुरुषभर उंचीहून लांब. त्या चाळीच्या कौलांवर बसवावयाच्या म्हणजे मोठा प्रसंग. मंगळुरी कौल पायाखालीं फुटला कीं पावसाळ्यांत खालचा भाडेकरी भांडावयास वर येणार. गच्ची असलेल्या इमारतींत वेगळा तंटा : गच्ची कोणाची? घरमालकाची, कीं सर्व बिऱ्हाडांची? अमेरिकेंत या स्वरूपाच्या वादाला १९९६ च्या दूरसंचार कायद्यानें उत्तर दिलें आणि आपल्या ताब्यांतल्या जागेंत एरियल लावण्यास घरमालकांना किंवा रहिवासी संघांना सरसकट बंदी घालतां येणार नाहीं असें ठरलें. आपल्याकडे तो प्रश्न बहुधा चहाच्या कपावर किंवा अबोल्यावर सुटे.

मुंबईंतल्या एरियलीचा खरा शत्रु मात्र दुर्बल संदेश नव्हता. वरळीच्या केंद्राचा मनोरा तीनशें मीटर उंच. संदेशाला तोटा कसला? शत्रु होतें ‘भूत’. मनोऱ्यावरून निघालेली लहर सरळ घराकडे येते, आणि तीच लहर समोरच्या उंच इमारतीवर आपटून, समजा तीनशें मीटर अधिक मार्ग चालून, थोडी मागाहून येते. लहरींचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर; तेव्हां या विलंबाचें मान एका सेकंदाचा दशलक्षावा भाग. पडद्यावरील एका ओळींतलें चित्र डावीकडून उजवीकडे रेखण्यास अशा सुमारें ५२ भागांचा वेळ लागे. म्हणजे अर्धा मीटर रुंदीच्या पडद्यावर निवेदिकेच्या उजवीकडे एक सेंटिमीटरावर तिचीच फिकी सावली उमटावयाची.

घरोघर चालणारा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. एकानें गच्चीवर काठी फिरवावी, दुसऱ्यानें जिन्यांत उभें राहावें, तिसऱ्यानें पडद्यासमोरून ओरडावें, “आलं, आलं... गेलं!” या पद्धतीनें चित्र जेथें सर्वांत ठळक, तेथें काठी पक्की केली जाई. आणि नेमकी तेथेंच चूक होई. भूत घालवावयाचें तर एरियल सर्वांत ठळक चित्राकडे नव्हे, तर परावर्तन करणाऱ्या इमारतीकडून जेथें कांहींच येत नाहीं अशा बेतानें वळवावी लागते. मग मूळ चित्र किंचित् फिकें झालें तरी चालतें. जाणता कारागीर काठी उलट्या बाजूस फिरवी, प्रसंगीं एरियल खालींहि उतरवी, आणि घरची मंडळी चकित होत. अर्थात् सर्वच कारागीर जाणते नसत. कित्येक जण भूत दिसलें कीं संदेश वाढविणारा डबा विकत. त्यानें भूतहि तितकेंच पुष्ट होई. शिवाय समुद्राची खारी हवा वर्षा-दोन वर्षांत जोड गंजवी, चपटी तार उन्हानें तडके, आणि नळ्यांवर बसणारे कावळे दिशा बदलून जात. जो स्वतः चढलेला असे त्याला हें दोष कोठें शोधावे तें ठाऊक असे. उरलेल्यांना पुन्हा दुकानाकडे धांव घ्यावी लागे.

पुणेकरांचें काम त्या मानानें सोपें होतें. १९७३ पासून सिंहगडावरून पुण्यासाठीं प्रक्षेपण होऊं लागलें. गड शहराच्या नैर्ऋत्येस, उंच आणि उघडा; कित्येक गच्च्यांवरून तो डोळ्यांना दिसे. होकायंत्राची गरज नाहीं, मापकाची नाहीं. गडाकडे तोंड केलें कीं झालें. पुण्यांत स्वतः एरियल लावणाऱ्यांचा अभिमान जरा अधिक असल्यास त्याचें बरेंचसें श्रेय सह्याद्रीला द्यावें लागेल.

याच सुमारास, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षांत, उपग्रहाद्वारें सहा राज्यांतल्या सुमारें २४०० खेड्यांत टेलिव्हिजन नेण्याचा मोठा प्रयोग भारतानें केला. तेथील एरियल म्हणजे तारेच्या साध्या जाळीची तीन मीटर व्यासाची परात. त्याच काळांत भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अभियंते कोलंबोला गेले आणि तेथील एका प्रसिद्ध लेखकाच्या घरावर त्यांनीं तसलीच परात उभी करून दिली. ते लेखक म्हणजे आर्थर क्लार्क. पृथ्वीभोंवतीं स्थिर भासणाऱ्या उपग्रहांवरून जगभर संदेश पाठवितां येतील, असें १९४५ सालीं लिहिणारा हा मनुष्य. पण त्याच्या स्वतःच्या घराची एरियल लावण्यास परदेशांतून कारागीर आले. त्यांत कमीपणा कोणाला वाटला नाहीं.

१९८२ मध्यें रंगीत चित्र आलें, १९८४ च्या सुमारास गांवोगांवीं लहान प्रक्षेपक उभे राहिले, आणि १९८७ च्या जानेवारींत रामायण मालिका सुरू झाली. रविवारच्या सकाळीं चित्र गेलें तर घरांतला कर्ता पुरुष लुंगी सांवरीत गच्चीवर धांवे. लहान गांवांत कारागीर एक आणि मागणी शंभरांची. तेव्हां सायकलच्या जुन्या रिमा आणि स्वयंपाकघरांतलीं ताटेंहि काठीला बांधून पाहण्यांत आलीं. लहान प्रक्षेपक जवळ असे, म्हणून त्यांवरहि चित्र येई. शास्त्रानें हंसावें असें त्यांत कांहीं नव्हतें.

पुढें १९९० च्या दशकांत केबल आली आणि लॅन्सफर्डची वाट महाराष्ट्रांतहि रुळली. गच्चीवर एक मोठी परात, तेथून जिन्याजिन्यांतून तारा, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत वर्गणीसाठीं दारांत उभा राहणारा मुलगा. काठ्या तशाच गंजत राहिल्या. जुन्या पद्धतीचें भूमीवरील प्रक्षेपण दूरदर्शननें टप्प्याटप्प्यानें आटोपतें घेतलें, आणि २०२२ पर्यंत तें बहुतेक ठिकाणीं बंद झालें.

तरीहि हातानें एरियल लावणारा मनुष्य संपलेला नाहीं. डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शननें उपग्रहावरून मासिक वर्गणीशिवाय वाहिन्या देण्यास प्रारंभ केला. बाजारांतून परात आणि डबा आणावा, आणि छपरावर बसवावा. दरमहा कोणाला कांहीं देणें नाहीं. मुंबईहून पाहतां तो उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५७ अंशांवर आहे. तेथें गड दिसत नाहीं कीं मनोरा दिसत नाहीं, नुसतें आकाश. परात दोन अंश चुकली कीं संदेश हातचा जातो, आणि या नव्या पद्धतींत भूतहि येत नाहीं, मुंग्याहि येत नाहींत. चित्र एक तर स्वच्छ येतें, नाहीं तर येतच नाहीं. म्हणून खालून ओरडणाऱ्याला आतां सांगण्यासारखें फार थोडें उरलें आहे. खेड्यांतलीं पोरें परातीजवळच स्वस्तांतलें एक लहान मापक तारेंत जोडतात, त्याचा आवाज वाढेपर्यंत परात केसाकेसानें सरकवितात, आणि पान्ह्यानें चाकी आंवळून खालीं उतरतात.